ग्राहक, लाभार्थी, नागरिक: नंदन निलेकणींची कारकीर्द कशी वाचायची?

रेशन दुकानांत आधारशी ठसा पडताळणारं ई-पॉस मशीन आल्यापासून एक वाक्य गावोगाव रुळलं आहे: "थंब येत नाही." म्हातारी बाई मशीनवर अंगठा दाबते, मशीन नाही म्हणतं. ती अंगठा पदराला पुसते, पुन्हा दाबते. मग तर्जनी, मग दुसऱ्या हाताचा अंगठा. जन्मभर खुरपं धरून, राखेनं भांडी घासून बोटांवरच्या रेषा गुळगुळीत झालेल्या असतात. शेवटी दुकानदार म्हणतो, "मावशी, उद्या या."

हीच मावशी साबण घ्यायला गेली आणि दुकानदार धड बोलला नाही, तर ती सरळ पुढच्या दुकानात जाते. रेशनचं तसं नाही. दुकान बदललं तरी मशीन तेच.

उद्योग, समाजकार्य आणि सरकार अशा तिन्ही ठिकाणी वावरलेल्या माणसाची कारकीर्द समजून घ्यायची, तर मला वाटतं सुरुवात या मावशीपासून करावी. एरवी आपण अशा माणसांची ओळख सत्काराच्या पत्रिकेसारखी करून देतो. अमुक कंपनीचे अध्यक्ष, तमुक प्रतिष्ठानचे संस्थापक, शासनाच्या समितीचे प्रमुख, अशी पदांची माळ होते आणि वाचणाऱ्याला वाटतं, हुशार माणूस कुठेही गेला तरी हुशारच. खरी अडचण अशी की खुर्ची बदलली की समोरचा माणूस बदलतो. कंपनीत तो ग्राहक असतो, संस्थेत लाभार्थी, सरकारात नागरिक. ग्राहक उठून जाऊ शकतो. लाभार्थी बहुधा गप्प राहतो. नागरिकाला कुठे जाता येत नाही, पण तो जाब विचारू शकतो आणि कोर्टात खेचू शकतो. या तिघांनाही सामोऱ्या गेलेल्या माणसाचं आपल्याकडचं सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे इन्फोसिसचे एक संस्थापक आणि आधार उभारणारे नंदन निलेकणी.

दहा हजारांची कंपनी

निलेकणींचा जन्म १९५५ चा, बंगळुरूचा. वडील कापड गिरणीत नोकरीला. आयआयटी मुंबईतून १९७८ साली इलेक्ट्रिकल इंजिनिअर होऊन ते पटनी कॉम्प्युटर्समध्ये लागले. तिथे त्यांची निवड करणारे होते नारायण मूर्ती. १९८१ मध्ये मूर्ती आणि निलेकणींसह सात जणांनी पुण्यात इन्फोसिस सुरू केली. भांडवल १०,००० रुपये, तेही सुधा मूर्तींच्या बचतीतलं. दोन वर्षांत कंपनी बंगळुरूला हलली, १९९३ मध्ये तिचे शेअर बाजारात आले, १९९९ मध्ये अमेरिकेच्या नॅस्डॅकवर नोंदलेली ती पहिली भारतीय कंपनी ठरली. २००२ ते २००७ या काळात निलेकणी तिचे मुख्य कार्यकारी अधिकारी होते.

ही गोष्ट बहुतेकांना माहीत आहे, म्हणून तिच्यात रेंगाळत नाही. पुढे कामाला येणारी एक बाब मात्र सांगायला हवी. भारतीय सॉफ्टवेअर कंपन्यांचं कसब एखादं जादुई उत्पादन बनवण्यात नव्हतं. मोठ्या कामाचे छोटे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकडा कसा करायचा हे लिहून ठेवायचं, म्हणजे तो इथे बसून करा नाहीतर सातासमुद्रापार, निकाल सारखाच लागतो. या शिस्तीवर हा धंदा उभा राहिला. निलेकणींनी पुढे सरकारात जे नेलं, ते हेच.

आणि एक गोष्ट नेता येणार नव्हती. कंपनी आपला ग्राहक निवडते. न परवडणारं काम नाकारते, त्रासदायक ग्राहकाला हात जोडते. त्यात गैर काही नाही, धंद्याचा तो स्वभावच आहे.

अधिकार नसलेलं पद

सरकारशी निलेकणींचा पहिला मोठा संबंध आधारमुळे आला, असा समज आहे. प्रत्यक्षात तो दहा वर्षं आधी आला होता. कर्नाटकचे मुख्यमंत्री एस. एम. कृष्णा यांनी १९९९ मध्ये बंगळुरूसाठी एक कृती दल नेमलं आणि त्याचं अध्यक्षपद निलेकणींना दिलं. कायद्यानं या दलाला काडीचा अधिकार नव्हता. महापालिका, पाणीपुरवठा मंडळ, पोलीस अशा यंत्रणांना लोकांसमोर बोलावायचं, पुढच्या काही महिन्यांत काय करणार हे जाहीरपणे वदवून घ्यायचं आणि पुढच्या सभेत त्याचा हिशेब मागायचा, ही पद्धत.

त्या काळातली एक सुधारणा टिकली. मालमत्ता कराची स्वयं-आकारणी. पूर्वी पालिकेचा निरीक्षक घरी येऊन घराचं भाडेमूल्य ठरवायचा, आणि ते कसं ठरायचं हे घर असलेल्या कुणालाही वेगळं सांगायला नको. नव्या पद्धतीत घर कुठल्या भागात आहे, बांधकाम कसलं आहे, क्षेत्रफळ किती, यावरून मालकानं स्वतःच कर काढायचा आणि भरायचा. निरीक्षक मधून गेला.

पण २००४ मध्ये सरकार बदललं आणि कृती दल विरून गेलं. ते कुणी बंद पाडलं असंही म्हणता येत नाही, कारण बंद करायला काही कायदेशीर अस्तित्वच नव्हतं. त्यावर तेव्हाही टीका होत होती. निवडून आलेले नगरसेवक बाजूला राहतात आणि न निवडलेली प्रतिष्ठित मंडळी शहराचं काय करायचं ते ठरवतात, हे कुठल्या लोकशाहीत बसतं? हा आक्षेप मला आजही वजनदार वाटतो. चांगला हेतू आणि चांगलं डोकं एवढ्यानं सरकारी कामाला अधिष्ठान मिळत नाही. ते कायद्यानं आणि मतांनीच मिळतं.

एक माणूस, एकच क्रमांक

जुलै २००९ मध्ये निलेकणी इन्फोसिस सोडून आधार क्रमांक देणाऱ्या भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाचे अध्यक्ष झाले. कॅबिनेट मंत्र्याचा दर्जा मिळाला. पहिला आधार क्रमांक दिला गेला तो आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी. गाव आदिवासी. तिथल्या कित्येकांकडे जन्मदाखला, वीजबिल, बँकेचं पासबुक यांतलं काहीच नव्हतं. "मी मीच आहे" हे सिद्ध करायला कागद लागतो आणि कागद मिळवायला आधीचा कागद लागतो, या चक्रात अडकलेल्या माणसाला सरकारनं पहिल्यांदा म्हटलं, नेमलेल्या परिचयकर्त्यानं तुझी ओळख दिली, पुरे आहे.

आधारमधला तांत्रिक पेच समजून घेण्यासारखा आहे. क्रमांक वाटणं सोपं, कुणीही वाटेल. अवघड काम म्हणजे एका माणसाला दोन क्रमांक जाऊ न देणं. त्यासाठी रांगेतल्या प्रत्येक नव्या माणसाची तुलना आधी नोंदलेल्या सगळ्यांशी करावी लागते. दहावा माणूस आला तर नऊ जणांशी. साठ कोटी नोंदी झाल्यावर आलेल्या माणसाची साठ कोटींशी. एका बोटाच्या ठशावर एवढ्या मोठ्या गर्दीत दोन माणसं वेगळी काढणं भरवशाचं नाही. म्हणून दहाही बोटं, दोन्ही डोळ्यांची बुबुळं आणि चेहऱ्याचा फोटो.

क्रमांक बारा आकडी. त्यात जिल्हा, जात, जन्मसाल असलं काही दडलेलं नाही, तो निव्वळ यादृच्छिक आहे. शेवटचा अंक आधीच्या अकरा अंकांवरून गणितानं काढलेला असतो. त्यामुळे टाइप करताना एक अंक चुकला तर क्रमांक मुळातच चुकीचा आहे, हे यंत्राला लगेच कळतं. माहितीही मोजकीच मागितली गेली: नाव, जन्मतारीख, लिंग, पत्ता. आणि कुणी पडताळणी मागितली की यंत्रणेनं मूळ उत्तर द्यायचं ते "हो" किंवा "नाही" एवढंच, असा आराखडा होता.

सॉफ्टवेअर कंपनीचं डोकं इथे दिसतं. नोंदणीचं काम सरकारी नोकरभरती करून केलं नाही. राज्य सरकारं, बँका अशांना निबंधक, म्हणजे नोंदणी करवून घेणारे, केलं, त्यांनी खासगी नोंदणी संस्था नेमल्या आणि पैसे यशस्वी नोंदणीमागे मिळायचे. ठसे जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरचं काम एका कंपनीच्या हाती न देता तीन कंपन्यांत वाटलं. जिचं काम जास्त जलद आणि अचूक, तिच्या वाट्याला पुढची जास्त नोंदणी. ठेकेदाराला चाबकाशिवाय पळवायची ही युक्ती सरकारी निविदांच्या जगात फारशी कुणी केली नव्हती. मार्च २०१४ मध्ये निलेकणी पायउतार झाले, तोवर सुमारे ६० कोटी लोकांची नोंद झाली होती. साडेतीन वर्षांत. हे काम अफाट आहे, आणि ते तसं म्हणायला मला अजिबात संकोच वाटत नाही.

एक टक्का म्हणजे कोण?

पण ती मावशी अजून रांगेत उभी आहे.

कंपनीत शंभरातल्या नव्व्याण्णव ग्राहकांचं काम चोख झालं तर अभिनंदनाचा ईमेल येतो. उरलेल्या एकाची माफी मागून पैसे परत करता येतात. शंभर कोटींच्या देशात तोच एक टक्का धरला तर एक कोटी माणसं होतात. तेवढ्यावरही भागत नाही. हा एक टक्का चिठ्ठ्या टाकून निवडलेला नसतो. बोटं कुणाची झिजतात? बांधकामावरच्या मजुराची, ऊसतोडणीवाल्याची, वयानं कातडी सुरकुतलेल्या म्हाताऱ्यांची, कुष्ठरोग झालेल्यांची. ज्यांना रेशनची सर्वांत जास्त गरज, नेमकी तीच बोटं यंत्राला ओळखू येत नाहीत. वर रेंज नसलेलं गाव. झारखंड, राजस्थानातून अशा तक्रारी आल्या, आणि अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि रीतिका खेरा यांच्यासारख्यांनी गावांत फिरून त्या मांडल्या.

नियमात यावर उपाय आहेत. ठसा जुळला नाही तर बुबुळ तपासा, मोबाइलवर ओटीपी पाठवा, तेही नाही तर वहीत नोंद करून धान्य द्या. म्हणजे कुणाला उपाशी पाठवायचं नाही, हे कागदावर स्पष्ट आहे. दुकानदाराला मात्र वहीतल्या नोंदीचा जाब उद्या कुणीतरी विचारेल ही भीती असते, आणि "उद्या या" म्हणण्याचा जाब कुणीच विचारत नाही. आराखडा करणाऱ्यांचं लक्ष पहिल्या प्रश्नावर होतं, खोटी नावं कशी गाळायची. दुसरा प्रश्न, खरा माणूस गाळला गेला तर काय, हा अंमलबजावणीवर सोडला गेला. उद्योगातून आलेल्या माणसाकडून हीच चूक होण्याची शक्यता सर्वांत जास्त, असं मला वाटतं. गळती आणि चोरी ताळेबंदात दिसते. रांगेतून रिकाम्या पिशवीनं परतलेली बाई त्यात दिसत नाही, उलट त्या महिन्यात धान्य "वाचलेलं" दिसतं.

दुसरा फरक वेगाचा. कंपनीत सोमवारी संचालक मंडळाचा ठराव झाला की मंगळवारी काम सुरू. प्राधिकरण जानेवारी २००९ मध्ये नुसत्या सरकारी अधिसूचनेनं स्थापन झालं होतं. त्याला कायद्याचा पाया देणारं विधेयक २०१० मध्ये संसदेत आलं. यशवंत सिन्हा यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थायी समितीनं डिसेंबर २०११ मध्ये ते फेटाळण्याजोगं ठरवलं. नोंदणी तरीही चालूच राहिली. आधी काम, मग कायदा, अशी उलटी गाडी. कायदा झाला तो २०१६ मध्ये, दुसऱ्या पक्षाच्या सरकारात आणि धन विधेयक म्हणून, म्हणजे राज्यसभेला तो अडवता येणार नाही अशा वाटेनं. तोवर कोट्यवधी लोकांच्या बोटांचे ठसे जमा होऊन गेले होते.

निवडणुकीचा अध्याय छोटा आहे. २०१४ मध्ये निलेकणी काँग्रेसच्या तिकिटावर दक्षिण बंगळुरूतून लोकसभेला उभे राहिले. प्रतिज्ञापत्रात त्यांनी स्वतःची आणि पत्नीची मिळून सुमारे ७,७०० कोटींची संपत्ती जाहीर केली, आणि भाजपच्या अनंतकुमारांकडून सव्वादोन लाखांहून जास्त मतांनी हरले. निकालानंतर नव्या पंतप्रधानांना भेटून त्यांनी आधारची बाजू मांडली. योजना टिकली. पराभूत उमेदवारानं जिंकलेल्या पक्षाच्या नेत्याकडे स्वतःसाठी नव्हे, कामासाठी जावं, ही गोष्ट मला त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी वाटते.

धीराचा पैसा

आता तिसरं जग, देणगीचं. इथे निलेकणींच्या आधी रोहिणी निलेकणींचं नाव घ्यायला हवं. मुंबईत वाढलेल्या, माहेरच्या सोमण, पेशानं पत्रकार. पाण्याच्या प्रश्नावर काम करणारी 'अर्घ्यम्' त्यांनी उभी केली आणि २००५ मध्ये तिला स्वतःचे १०० कोटी रुपये दिले. त्याआधी २००४ मध्ये मुलांसाठी स्वस्त आणि अनेक भाषांतली पुस्तकं काढणाऱ्या 'प्रथम बुक्स'च्या त्या सहसंस्थापक होत्या. त्यांची एक मांडणी प्रसिद्ध आहे: समाज, सरकार, बाजार. क्रमही हाच. समाज आधी, आणि सरकार व बाजार त्याच्यासाठी. आपण एरवी स्वतःला सरकारचा लाभार्थी आणि बाजाराचा ग्राहक समजतो. त्या म्हणतात, आधी माणूस आणि नागरिक आहोत.

निवडणुकीनंतर या दांपत्यानं 'एकस्टेप' ही संस्था काढली. तिनं उभारलेल्या 'सनबर्ड' या खुल्या सॉफ्टवेअरवर केंद्र सरकारचा 'दीक्षा' हा मंच २०१७ मध्ये आला. बालभारतीच्या पुस्तकात पानाच्या कडेला तो काळापांढरा चौकोनी क्यूआर कोड असतो ना, मोबाइल धरला की त्या धड्याचा व्हिडिओ उघडतो, तो याच मंचाचा. म्हणजे एका खासगी देणगीतून तयार झालेली चीज सरकारी पाठ्यपुस्तकात छापली गेली आणि झेडपीच्या शाळेतल्या पोरापर्यंत पोचली. घरात फोन असेल आणि तो संध्याकाळी त्याच्या हाती येत असेल, तर.

देणगीच्या पैशाचं खरं बळ वाटण्यात नाही, वाट बघण्यात आहे. कंपनीला दर तिमाहीला आकडे दाखवावे लागतात. सरकारी अधिकाऱ्याचा प्रयोग फसला तर कॅगच्या अहवालात परिच्छेद येतो. स्वतःच्या पैशातून दान करणाऱ्याला यातलं काही नसतं, तो पाच वर्षं चाचपडू शकतो, चुकू शकतो, दुसरी वाट धरू शकतो. समाजासाठी हे फार मोलाचं आहे.

त्याच मोकळेपणात धोकाही आहे. देणाऱ्याला जे आवडतं तेच केलं जातं. आपल्याकडे विश्वस्त संस्था धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब देते. हिशेबात खर्च दिसतो, पण ज्याच्यासाठी खर्च केला त्याला ते हवं होतं का, हा रकाना तिथे नाही. आणि फुकट मिळालेल्या गोष्टीबद्दल तक्रार करणं आपल्याकडे कृतघ्नपणा मानतात, त्यामुळे लाभार्थी काही बोलत नाही. ग्राहकाच्या रोषापेक्षा लाभार्थ्याची शांतता जास्त फसवी असते. संस्थांमध्ये काम करणारी कुठलीही प्रामाणिक व्यक्ती हे सांगेल.

२०१७ मध्ये निलेकणी दांपत्यानं 'गिव्हिंग प्लेज'वर सही करून आपली निम्मी संपत्ती दान करण्याचा शब्द दिला. हा शब्द नैतिक असतो, कायद्यानं बांधणारा नाही. आयआयटी मुंबईला निलेकणींनी २०२३ मध्ये ३१५ कोटी दिले, आधीचे ८५ धरून ४०० कोटी.

मधलं दार

तीन जगांत एकच माणूस ये-जा करतो, तेव्हा मधल्या दाराकडे बघायचं असतं. सरकारात जाताना निलेकणींनी इन्फोसिसच्या संचालक मंडळाचा राजीनामा दिला, हे रीतसर झालं. आधारच्या बांधणीत काम केलेल्या काहींनी मात्र पुढे आधारवरच चालणाऱ्या खासगी सेवा उभ्या केल्या. बेकायदेशीर काही नाही. पण लोकांच्या ठशांवर उभी राहिलेली सार्वजनिक यंत्रणा धंद्याचा कच्चा माल कधी झाली, हे कुणी ठरवलं? सर्वोच्च न्यायालयानं २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात या प्रश्नाला हात घातला. चार विरुद्ध एक मतानं आधार टिकलं, सरकारी अनुदानासाठी ते मागता येईल असं ठरलं, आणि खासगी कंपन्यांना आधार मागण्याची मुभा देणारा आधार कायद्याच्या कलम ५७ मधला भाग रद्द झाला. उरलेलं एक मत न्या. धनंजय चंद्रचूडांचं. धन विधेयकाची वाट वापरणं हीच राज्यघटनेची फसवणूक आहे, असं त्यांनी लिहिलं. पुढे २०१९ च्या दुरुस्तीनं बँका आणि मोबाइल कंपन्यांसाठी ग्राहकानं स्वेच्छेनं आधार देण्याची वाट पुन्हा उघडली. मोबाइलचं सिम घ्यायला गेल्यावर "स्वेच्छा" म्हणजे काय, हे ज्यानं त्यानं अनुभवलं असेलच.

या सगळ्या कारकिर्दीतला एक दिवस मला फार बोलका वाटतो. २४ ऑगस्ट २०१७. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या राजीनाम्यानं हादरलेल्या इन्फोसिसनं त्या दिवशी निलेकणींना अध्यक्ष म्हणून परत बोलावलं. मोठ्या भागधारकांना तेच हवे होते. आणि त्याच दिवशी दिल्लीत नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठानं एकमतानं निकाल दिला की खासगीपणा हा भारतीय नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. हा प्रश्न उपस्थित झाला होता आधारविरुद्धच्या याचिकेतून. याचिकाकर्ते होते के. एस. पुट्टस्वामी, कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती. २०१२ मध्ये त्यांनी ती दाखल केली, तेव्हा त्यांचं वय ८६ होतं.